साडेपाच हजारांचं दुखणं

सकाळी सकाळी जयवंताबाईंनी पातेल्यात सहा अंडी उकडायला टाकली, तेव्हा हिंदुरावांना वाटलं, आज आपलं नशीब उघडलेलं दिसतंय. चूळ भरून, मिशा पुसून ते ओसरीवर मांडी घालून बसले. अंडी उकडली, सोलली, स्टीलच्या डब्यात गेली आणि डबा पिशवीत गेला.

"अगं, डबा कुणाला?"

"वजीरला. डॉक्टरनं अंडी सांगितल्यात. लई अशक्तपणा आलाय म्हणं."

"आन् मला?"

"तुमाला रातचं पिठलं हाय की."

वजीर म्हणजे तात्याबाचा कुत्रा. तात्याबाची साठ-सत्तर मेंढरं होती आणि त्या मेंढरांचा राखणदार हा वजीर. लोणी देवकरच्या माळावर मेंढरं चारायला गेली असताना लांडगा पडला. वजीरनं एकट्यानं लांडगा पिटाळला, एक कोकरू जाऊ दिलं नाही. पण त्याचं पोट फाटलं आणि मागचा पाय मोडला. वार नेमका रविवार. सरकारी डॉक्टर कुणाच्यातरी साखरपुड्याला गेलेले. तात्याबानं टेम्पो केला, कुत्र्याला घोंगडीत गुंडाळलं आणि थेट बारामतीच्या खाजगी डॉक्टरच्या दारात नेऊन ठेवलं. बत्तीस टाके पडले, पायात सळई बसली, चार दिवस सलाईन. बिल झालं चार हजार आठशे पन्नास रुपये. तात्याबानं होते नव्हते ते साडेआठशे भरले आणि उरलेले चार हजार बाजारच्या दिवसापर्यंत देतो म्हणून शब्द दिला.

माळेगावच्या अलीकडं असलेल्या त्या वाडीत उसाशिवाय दुसरा विषय नसायचा, तिथं आता वजीरशिवाय विषय राहिला नाही. लावणीच्या आधी तात्याबाची मेंढरं ज्याच्या त्याच्या रानात बसायची, खत पडायचं, आणि मेंढरं असतील तितके दिवस रानडुक्कर उसाला तोंड लावायचं धाडस करत नसे, ते वजीरमुळे. त्यामुळे वजीर सगळ्यांचाच होता. जो तो उठून त्याला भेटायला जात होता. कुणी दूध, कुणी भाकरी, कुणी बिस्किटाचा पुडा. कुत्रा घोंगडीवर पडल्यापडल्या शेपूट हलवायचा आणि लोक डोळे पुसायचे.

एक हिंदुराव तेवढे गेले नव्हते.

आता माणूस कुत्र्यावर जळतो, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण जळत होते, आणि चांगले जळत होते. त्याला कारण होतं. गेल्या माघात बारामतीलाच हिंदुरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. नऊ टाके, छत्तीसशे रुपये. वाडीत एवढं महागाचं दुखणं आजवर कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. तेव्हापासून कुणाच्या पोटात नुसती कळ आली तरी लोक हिंदुरावांना विचारायचे, आणि हिंदुराव सदरा वर करून सगळं पहिल्यापासून सांगायचे. भूल कशी देतात, शुद्धीवर आल्यावर तोंड कसं कडू लागतं, पाणी का मागायचं नाही. फाट्यावरच्या गेणबाच्या हॉटेलात त्यांचा चहा कुणीतरी परस्पर सांगायचा. एवढा मान त्यांना कारखान्याच्या निवडणुकीत सूचक म्हणून सही करूनही मिळाला नव्हता.

आणि आता गेणबा चहा गाळता गाळता सगळ्यांसमोर म्हणाला, "हिंदुराव, तुमचं ते छत्तीसशेचं हुतं, व्हय ना?"

"छत्तीसशे. वर औषधं येगळी."

"वजीरचं अठ्ठेचाळीसशे पन्नास झालं. सळई बी घातलीया. तुमाला सळई हुती का?"

"हर्नियात सळई घालत न्हायत, गेणबा."

"त्येच म्हणतो मी. तुमचं बारकं हुतं."

हिंदुरावांनी तो चहा तसाच ठेवला. पैसेही त्यांनाच द्यावे लागले.

दोन दिवसांनी त्यांचे टाके दुखू लागले. भरून आलेल्या जखमेचे टाके आठ महिन्यांनी कसे दुखतात, हे जयवंताबाईंनी विचारलं नाही; त्यांनी भाडं काढून हातावर ठेवलं. हिंदुराव एसटीनं बारामतीला गेले. डॉक्टरनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि विचारलं, "काल भजी खाल्ली का?"

"थोडीशी. पर साहेब, नीट बघा. आतनं काहीतरी तुटल्यागत वाटतंय. फोटो बिटो काढायचा का? खर्चाचं बघू नका."

"फोटो गॅसचा निघत नाही, हिंदुराव. ह्या गोळ्या घ्या. चाळीस रुपये."

चाळीस रुपये! माणसाचं पोट आणि चाळीस रुपये. हिंदुराव एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले आणि फाट्यावर उतरले तेव्हा त्यांना जगाचाच वीट आला होता.

हॉटेलात सोसायटीचे चेअरमन आबाजी वही घेऊन बसले होते. वजीरसाठी वर्गणी चालली होती. कुणी एकावन्न, कुणी एकशे एक. हिंदुरावांना आत शिरताना कुणी पाहिलंदेखील नाही. माझ्या वेळेला कुणी वही काढली होती का, हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घण घालत होता. शेवटी गेणबाचं लक्ष गेलं.

"कुठं गेल्ता, हिंदुराव?"

"बारामतीला. डॉक्टरकडं."

"मग? काय म्हणलं?"

गोळ्यांची पुडी खिशात होती. खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण समोर ती वही होती आणि वहीत त्या कुत्र्याचं नाव होतं.

"काय म्हणायचंय? खर्च सांगितलाय."

"किती?"

"साडेपाच हजार."

आबाजींचं पेन थांबलं. गेणबानं स्टो बंद केला. हिंदुरावांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्या संध्याकाळपासून माणसांची रीघ लागली. मोसंबी आली, शहाळी आली, बिस्किटाचे पुडे तर इतके आले की उशाशी चळत लावावी लागली. हिंदुराव पांघरूण छातीपर्यंत ओढून क्षीण आवाजात बोलू लागले. जयवंताबाई मात्र एक शब्द बोलत नव्हत्या. चहा करायच्या, कपबश्या विसळायच्या, पुन्हा चहा करायच्या.

पण लबाडीला पाय फुटले की ते आपल्या मापाचे राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुशाबाईंनी, अगदी असंच दुखणं झालेल्या त्यांच्या मामेभावाची गोष्ट सांगितली. मामेभाऊ शेवटी गेला. तिसऱ्या दिवशी हिंदुरावांचं तिखट बंद झालं, मटण बंद झालं, आणि सकाळ-संध्याकाळ तांदळाची पेज सुरू झाली. त्यांच्या पाण्याची पाळी आली तर लोकांनी त्यांना बांधावरसुद्धा जाऊ दिलं नाही. भाऊबंदांनी पाणी धरलं आणि निम्मं आपल्याच उसाला वळवलं. हिंदुरावांना ते ओसरीवरून दिसत होतं, पण आजारी माणसाला ओरडता येत नाही. आबाजी येऊन सांगून गेले, "शुक्रवारी जीप सांगितलीया. पुण्याला मोठ्या डॉक्टरला दावू. तितं पोट उघडूनच बघत्यात."

"उघडून?" हिंदुराव खरंच अर्धे उठून बसले.

"घाबरू नगा. गाव हाय तुमच्या पाठीशी."

बुधवारी जयवंताबाई, जळोचीला भावाकडं जाऊन येते म्हणून गेल्या आणि दिवस मावळायच्या आत परत आल्या. तेव्हाही काही बोलल्या नाहीत.

बाजार उद्यावर आला, त्या दिवशी दुपारी तात्याबा आला. बरोबर त्याची बायको सारजा, आबाजी, गेणबा आणि निम्मी वाडी. तात्याबानं फेट्याच्या टोकाची गाठ सोडली आणि नोटांची पुरचुंडी हिंदुरावांच्या पांघरुणावर ठेवली.

"तेवीसशे हायती, हिंदुराव. वजीरसाठी जमल्यालं. पर माणूस आधी, कुत्रं मागनं."

हिंदुरावांना हेच तर ऐकायचं होतं. किती दिवस त्यासाठी त्यांचा जीव तळमळला होता. आता एवढ्या माणसांसमोर, खुद्द कुत्र्याच्या मालकाच्या तोंडून ते ऐकायला मिळालं, आणि त्यांना ते गोड लागेना.

"मग डॉक्टरचं राहिल्यालं?" त्यांनी विचारलं.

"उद्याच्याला सात मेंढ्या बाजारात न्हेतो. गाभण हायत. पैसं बरं येत्याल."

"गाभण मेंढ्या इकणार तू?"

"शब्द दिलाय डॉक्टरला." तात्याबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. सारजानं पदर तोंडाला लावला आणि ती भिंतीकडं वळली. सात गाभण मेंढ्या म्हणजे पुढच्या साली उभा राहणारा निम्मा कळप, हे तिथल्या पोरासोरालाही कळत होतं.

माणूस जळाऊ असला तरी वाईट नव्हता. त्यांनी पुरचुंडी हातात घेतली, परत ठेवली, पुन्हा घेतली. मग पांघरूण बाजूला सारून ते म्हणाले, "तात्याबा, खरं सांगायचं म्हंजी…"

"थांबा, मी सांगते," जयवंताबाई कपबश्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. ताट खाली ठेवून त्यांनी पदर खोचला. "डॉक्टरचा निरोप आलाय. तपासणीत घोटाळा झाल्ता. दुसऱ्याचं दुखणं ह्यांच्या नावावर पडलं हुतं. ह्यांना काय झाल्यालं न्हाय. गॅस हाय नुसता."

सगळ्या ओसरीनं एकदम श्वास सोडला. कुशाबाईंनी जागच्या जागी देवाला हात जोडले. हिंदुराव बायकोकडं बघतच राहिले. ही कधीपासून एवढं सफाईनं खोटं बोलायला लागली, हेच त्यांना कळेना.

"आन् आणखी एक," जयवंताबाई म्हणाल्या. "दवाखान्यासाठी म्हणून आमी उसाच्या हप्त्यातलं साडेपाच हजार काढून ठेवलं हुतं. ह्यांनी परवाच मनाशी ठरवलंय, दुखणं खोटं निघालं तर त्येच पैसं वजीरला द्यायचं. मेंढ्या इकायच्या न्हायत."

हिंदुरावांना ठसका लागला. गेणबानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"अवो पर," आबाजी म्हणाले, "डॉक्टरचं चार हजारच ऱ्हायल्यात."

"मग वरचं पंधराशे वजीरच्या खुराकाला. वर्गणी ज्याची त्याला माघारी द्या."

"हिंदुराव, खरंच?" तात्याबानं विचारलं.

पन्नास डोळे हिंदुरावांवर खिळले होते. नाही म्हणायची सोय बायकोनं ठेवलीच नव्हती. "मंग?" ते म्हणाले. "माणुसकी म्हणून काय हाय का न्हाय?"

तात्याबा त्यांच्या पायाशी वाकला. सारजा आता उघडपणे रडत होती आणि हसतही होती. जयवंताबाईंनी आतलं कपाट उघडलं, नोटा मोजल्या आणि सगळ्यांदेखत तात्याबाच्या हातावर ठेवल्या. एका घटकेत हिंदुरावांचं नाव फाट्यापर्यंत गेलं. कुत्र्यासाठी एवढे पैसे देणारा माणूस पंचक्रोशीत झाला नाही, असं आबाजींनी जाहीर केलं. वर्गणी परत मिळाल्यामुळे लोक जास्तच मनापासून मान डोलवत होते.

माणसं पांगल्यावर ओसरीवर दोघंच उरली. ऊन कलायला लागलं होतं.

"तुला कवा कळलं?" हिंदुरावांनी विचारलं.

"बुधवारी. जळोचीला कशाला जाते मी, दवाखान्यात गेल्ते. साडेपाच हजारात न्हाय भागलं, तर गळ्यातलं मोडायचं ठरवून गेल्ते. सगळ्या वाटंनं एसटीत रडत बसले. शेजारची बाई इचारायची, कोण गेलं वो? डॉक्टर म्हणलं, बाई, त्यांना भजी देऊ नगा."

हिंदुरावांनी मान खाली घातली. म्हणाले, "मग आल्या आल्या बोलली का न्हाईस?"

"बोलणारच हुते. पर तुमी बिस्किटाचं पुडं मोजीत हुता. कोण आलं, कोण न्हाय आलं, ह्येच चालल्यालं." जयवंताबाईंनी एकेक कप उचलून ताटात ठेवायला सुरुवात केली. "लई राग आला बगा मला. तुमचा न्हाय, त्या वजीरचा."

"वजीरचा? त्यानं तुझं काय केलं?"

"त्यानं एक दिवस राखण केली, तर सारं गाव अंडी घेऊन त्याच्या दारात गेलं. मी तुमच्या ऑपरेशनच्या येळंला नऊ दिस खाटंखाली फरशीवर झोपले. मला कुणी इचारलं का, बाई, तू जेवलीस का? तुमी तरी इचारलं का?"

हिंदुरावांनी ऑपरेशनची हकिकत वाडीत शंभरदा तरी सांगितली असेल. भूल, नर्स, डॉक्टरचा चष्मा, शेजारच्या खाटेवरचा रोगी, सगळं त्यात यायचं. खाटेखालचं माणूस कधी आलं नव्हतं.

ते उठले, बायकोच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि आत गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. काड्यापेटी चारदा ओढल्याचा आवाज आला. जयवंताबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अगं," आतून हाक आली, "चहाची साखर कुठं असती आपली?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. जयवंताबाईंनी भिंतीला पाठ टेकवली, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "हुडका."