ऋचाने ठेवलेल्या फटी

सोमवारी अकरा वाजता जयपुरातली काचेची फॅशन खलास होणार, असं ऋचाने घरात जाहीर करून टाकलं होतं!

सीतापुऱ्याच्या एका खासगी विद्यापीठाला नवं वाचनालय बांधायचं होतं. कुलसचिव शेखावतजींना ते काचेचं हवं होतं. मे महिन्यात जयपुरात काचेची इमारत म्हणजे माणसं भाजायची भट्टी. पण परदेशी फोटोत झकास दिसते ना, मग झालं! ऋचाचं वाचनालय लाकडाचं होतं. दुहेरी भिंती, खोल पडव्या आणि छपराखाली गरम हवा निघून जायला बारीक फटी. एसीची गरज जवळपास नाहीच. तिची स्वतःची ही पहिली इमारत. नाकारली तर पुन्हा मालवीय नगरच्या ऑफिसात लोकांच्या बाथरूमचे नकाशे काढायचे!

वाचनालयाच्या छोट्या लाकडी नमुन्यावर शेवटचा हात बाबांनी फिरवला. बाबा, म्हणजे पंढरीनाथ, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातले सुतार; भुसावळहून बदली होऊन आले आणि इथेच निवृत्त झाले. सोमवारी विद्याधर नगरच्या घरून निघाल्यापासून नमुना त्यांनी रिक्षात मांडीवर धरला होता, तान्हं नातवंड धरावं तसा.

विद्यापीठाच्या समितीसमोर ऋचाने नमुना भर उन्हात ठेवला, आत थर्मामीटर.

"वीस मिनिटं थांबा, सर. मग बघा गंमत."

वीस मिनिटांनी आत पन्नास!

"बेटाजी, ये लाइब्रेरी है या तंदूर?" शेखावतजी म्हणाले. समिती पोट धरून हसली.

ऋचाने वाकून पाहिलं. छपराखालची कड नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखी गुळगुळीत!

"बाबा, फटी कुठे गेल्या?"

"बुजवल्या की! भुसा अन् सरस कालवून," बाबा ऐटीत म्हणाले. "केवढ्या फटी सोडल्या होत्यास गं! चौतीस वर्षं डब्यात धूळ येऊ दिली नाही मी. लोक म्हणतील, सुताराची लेक अन् हे काम?"

"बाबा, त्या मुद्दाम ठेवल्या होत्या!"

"मुद्दाम?" बाबांचा चेहरा एकदम पडला.

ऋचाला ओरडायचं होतं. पण त्यांच्या बोटांवर अजून सरस चिकटलेला होता. ती वळून म्हणाली, "सर, चूक माझी आहे. नकाशा सगळ्यांना समजावला, घरातच नाही समजावला."

बाबांनी तिच्या केसांतली पिन काढली, उन्हातच मांडी ठोकली आणि एकेक फट कोरायला लागले. समिती जागची हलेना. थर्मामीटर उतरायला लागला. सत्तेचाळीस... पंचेचाळीस... त्रेचाळीस!

"अरे!" शेखावतजी गुडघ्यावर बसले. "अब समझा!"

मंजुरी मिळाली. पण आधी नमुन्यादाखल गेटवरची चौकीदाराची केबिन; ती थंड राहिली तरच वाचनालय! ऋचाचे डोळे भरून आले.

"रडतेस काय, पोरी?" परतताना बाबा म्हणाले. "कारखान्यात माझं पहिलं काम कोणतं होतं? संडासाचं दार! डबा नंतर मिळाला."

पुढच्या मे महिन्यात ऋचाला बोलावणं आलं. वीज गेली होती आणि शेखावतजी चौकीदाराच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून बसले होते. लाकडी वाचनालयाच्या फायलीवर त्यांनी तिथेच सही ठोकली. चौकीदार मात्र बाहेर, उन्हात.

"भैया, केबिन थंड आहे ना?" ऋचाने विचारलं.

"बहुत ठंडी है, मैडमजी," तो घाम पुसत म्हणाला. "साहब बता रहे थे!"