डाव्या सीटवरचे मास्तर

"बाबा, तो डावा पाय आत घ्या. त्याला आता काही काम नाही," लेक गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाली.

पण मास्तरांचा डावा पाय निवृत्त व्हायला तयार नव्हता. लेकीच्या नव्या गाडीत बसल्यापासून तो क्लच धुंडाळत होता. जन्मभर जिथे क्लच भेटला तिथे आज नुसती चटई होती, आणि पाय बिचारा तिच्यावर पुन्हा पुन्हा दाब देऊन खात्री करून घेत होता.

"ऐकताय ना? गिअर डीवर टाकला की पुढचं गाडी बघते. ही गोल चकती ड्राइव्ह मोडची. इको, नॉर्मल, स्पोर्ट. ती इकोवरच राहू द्या. आणि स्टिअरिंगच्या मागे हे दोन कान आहेत ना, पॅडल शिफ्टर, ह्यांना..."

"मला शिकवतेस? अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली. तुलासुद्धा."

"म्हणूनच सांगतेय! तुम्ही कुणाचं ऐकून घेत नाही हे त्या अर्ध्या गावाला माहीत आहे."

एवढ्यात कोपऱ्यावर तिच्या ऑफिसची बस वाजली आणि ती पर्स सावरत पळाली. 'ह्यांना' काय करायचं, ते वाक्यही तिच्याबरोबर बसमध्ये चढलं. मास्तरांनी काही तिला हाक मारली नाही. प्रश्न विचारणं हे विद्यार्थ्यांचं काम, असं त्यांचं आयुष्यभराचं मत होतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. डाव्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर भरवसा ठेवून त्यांनी दोन पिढ्यांना गाडी शिकवली होती. त्यांची पद्धत न्यारी होती. पहिल्या दिवशी ते विद्यार्थ्याला स्टिअरिंगला हातच लावू देत नसत. स्वतः उजवीकडे बसत आणि नवशिका माणूस करू शकेल त्या झाडून सगळ्या चुका करून दाखवत. गाडी बंद पाडत, गचके देत, रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक मारत. मग घाम पुसत म्हणत, "ह्यातलं काहीही करायचं नाही. उद्या या." दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला टोपणनाव मिळे आणि शिकवणीचं पहिलं सूत्रही: "हात सैल, बोटं हलती. हात आवळला म्हणजे माणूस घाबरला." मास्तरांची स्वतःची बोटं स्टिअरिंगमागे सतत नाचत असत. ती सवय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की जेवताना ताटाच्या कडेवरही बोटं चालत.

ह्या सगळ्या दिग्विजयात एकच विद्यार्थिनी नापास झाली होती, आणि ती घरातच होती. लग्नानंतर मास्तरांनी मोठ्या हौसेने बायकोला शिकवायला घेतलं. भर चौकात गाडी बंद पडली तेव्हा मास्तर "क्लच! अगं क्लच!" असे ओरडले, की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघायला लागली. मास्तरीणबाईंनी शांतपणे किल्ली काढून नवऱ्याच्या हातात ठेवली, दार उघडलं आणि चालत घरी आल्या. त्यांना टोपणनाव मिळायचंच राहिलं. पुढे कुठल्याही समारंभात कुणीतरी हसत विचारायचंच, "मास्तर, सगळ्यांना शिकवलंत, वहिनींना कधी?" मास्तरही हसत, पण ते हसू वरवरचं असे.

आज त्या मास्तरांचा सत्कार होता. त्यांचं स्कूल आता 'गचका' चालवत होता. हा गचका शिकत होता तेव्हा मास्तरांची मान महिनाभर धरली होती. त्याने सरावासाठी नवा ट्रॅक बांधला होता, फाटकाला लाल फीत लावली होती आणि मास्तरांनी स्वतः गाडी चालवत येऊन ती फीत तोडायची, असा बेत ठरवला होता. गावभरचे जुने विद्यार्थी जमणार होते. मास्तरांची जुनी गाडी नुकतीच भंगारात गेली होती, म्हणून गचका म्हणाला होता, "स्कूलची गाडी पाठवतो." मास्तर म्हणाले, "मी माझ्या गाडीने येईन." आता एवढ्या लोकांसमोर हसं झालं, तर जन्मभराची मास्तरकी त्या फितीखालीच गाडली जाणार, हे मास्तरांना पुरतं कळत होतं.

मास्तरीणबाई मांडीवर केक घेऊन बसल्या. केकवर त्यांनी क्रीमचा रस्ता काढला होता आणि मधोमध पांढरे पट्टे.

"निघायचं?" त्यांनी विचारलं.

"निघालोच," असं म्हणून मास्तरांनी गिअर डीवर टाकला. गाडी गुमान सरकली. मास्तरांना बरं वाटलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी सवयीने उजव्या पायाने ब्रेक आणि डाव्या पायाने क्लच दाबला. क्लच नव्हताच, तेव्हा डावा पाय भलामोठा ब्रेकच तुडवून मोकळा झाला. गाडी जागच्या जागी थांबली आणि क्रीमच्या रस्त्याला पहिला खड्डा पडला.

"अहो!"

"ब्रेक तपासला. चांगला आहे."

हा ब्रेक बाजारपेठेपर्यंत आणखी पुष्कळदा तपासून झाला. शेवटी मास्तरीणबाई म्हणाल्या, "तो पाय मांडीखाली घ्या बघू." मास्तरांनी आढेवेढे घेतले, पण मग डावा पाय दुमडून अर्धी मांडी घातली. जेवायला बसल्यासारखा माणूस गाडी चालवतोय हे बाहेरून कुणाला दिसत नव्हतं, हेच नशीब.

पायाचा प्रश्न मिटला आणि मास्तर सैलावले. मास्तर सैलावले म्हणजे बोटं चालू लागली. आणि आता बोटांना स्टिअरिंगमागे खेळायला ते दोन कान सापडले. डावा कान दाबला की गाडी खालचा गिअर घेई, उजवा दाबला की वरचा. पण गाडी एवढ्या हळू चालली होती की वरचा गिअर मागितला की ती 'टुंग' करून अर्ज फेटाळी आणि खालचा मागितला की तत्काळ मंजूर करी. होता होता ती पहिल्या गिअरवर येऊन बसली आणि इंजिन भोकाड पसरल्यासारखं ओरडायला लागलं.

"काय झालं हिला?" मास्तरीणबाईंनी केकवर दोन्ही हात आडवे धरले.

"नवीन आहे. घसा मोकळा करतेय."

"टुंग," गाडी म्हणाली.

"आणि हे टुंग?"

"ते... होकार देतेय."

रस्त्यावरची माणसं माना वळवून बघू लागली. गाडी सायकलच्या वेगाने चालली होती आणि आवाज विमानाचा येत होता. आपल्यामुळे हे होतंय अशी शंकाही मास्तरांना आली नाही. उलट काळजीने त्यांची बोटं अधिकच भरभर चालायला लागली. पुढच्या चौकात वाहतूक पोलिसाने हात आडवा केला आणि खिडकीशी येऊन खाडकन सलाम ठोकला. तो 'इंडिकेटर' होता. शिकताना डावीकडचा दिवा लावायचा तो घरी पोचेपर्यंत बंद करायचा नाही.

"मास्तर! तुम्ही? गाडी का ओरडतेय एवढी?"

आता खरं तर विचारायची वेळ होती. 'बाबा रे, हिचं काय करू?' एवढंच म्हणायचं होतं. पण ज्याला आपण इंडिकेटर बंद करायला शिकवलं त्यालाच विचारायचं?

"चाचणी घेतोय," मास्तर म्हणाले.

"वा! पण सत्काराला उशीर होतोय की. सगळे खोळंबलेत. थांबा, मी पुढे होतो, माझ्या मागोमाग या!" आणि मास्तर नको नको म्हणेपर्यंत त्याने मोटारसायकलला टांग मारली आणि सायरन सुरू केला.

रस्ता मोकळा झाला. दुकानदार पायऱ्यांवर आले. सायरनच्या मागे सायकलच्या वेगाने जाणं शोभलं नसतं, म्हणून मास्तरांनी ती गोल चकती नॉर्मलकडे वळवली. ती जरा जास्तच वळून थेट स्पोर्टवर गेली. समोरचे सगळे आकडे लालभडक झाले, स्टिअरिंग हातात घट्ट झालं, आणि मास्तरांनी नेहमीच्या अंदाजाने पाय दिला तशी गाडी चौखूर उधळली.

"अहो, लाल झालंय सगळं!"

"बघतोय!"

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांचे हात आवळले गेले. आवळलेल्या बोटांत कान सापडले, आणि गाडी आणखी गर्जना करत थेट इंडिकेटरला मागे टाकून पुढे निघाली. आता पुढे मास्तर आणि मागे सायरन वाजवत पोलीस, असं दृश्य फाटकाशी जमलेल्या मंडळींना दिसलं. गचका फुलं घेऊन पुढे आला होता, तो तशीच फुलं घेऊन मागे सरला. मास्तर लाल फितीसमोरून, फाटकासमोरून, हात हलवणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोरून सुसाट पुढे गेले. मास्तरीणबाईंनी तेवढ्यातही खिडकीतून हात हलवला.

भाजीबाजारामागच्या मोकळ्या मैदानात शेवटी डावा पाय मांडीखालून सुटला आणि जन्माच्या सवयीने धावून आला. दोन्ही पाय एकदम ब्रेकवर पडले. गाडी थांबली. केक थांबला नाही. तो समोरच्या काचेवर जाऊन बसला आणि क्रीमचा रस्ता हळूहळू खाली उतरू लागला.

 मग मास्तरीणबाईंनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि त्या उतरल्या. मास्तरांनी ओळखलं: आता ही परत चालत घरी जाणार. आणि ह्या खेपेला तिचं काही चुकलंही नव्हतं. चुकलं तेव्हाही नव्हतं म्हणा, हे मास्तरांना आज, काचेवरच्या केककडे बघताना, पहिल्यांदाच जाणवलं.

पण त्या घराकडे निघाल्या नाहीत. गाडीला पुढून वळसा घालून त्यांनी मास्तरांचं दार उघडलं.

"सरका तिकडे."

"अगं, तुला..."

"येते. लेकीनं शिकवली. दर रविवारी."

"रविवारी तर तू बागेत फिरायला जातेस!"

"बागेपर्यंत गाडीच चालवते. क्लचच नाही हिला, मग ओरडणार कोण आणि कशावर?" ओढणीच्या टोकाने त्यांनी काच पुसली, चकती इकोवर आणली आणि आरसा स्वतःच्या उंचीला लावला. मास्तर निमूटपणे डावीकडे जाऊन बसले.

इतक्यात इंडिकेटर धापा टाकत पोचला. त्याने स्टिअरिंगवर मास्तरीणबाईंना पाहिलं, डाव्या सीटवर मास्तरांना पाहिलं, काचेवरच्या क्रीमच्या फराट्यांकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर लख्ख उजेड पडला.

"हात्तिच्या! म्हणजे पहिला धडा चालू होता! मी म्हटलं, मास्तर आणि असे गचके? सगळ्या चुका आधी स्वतः करून दाखवायच्या. तस्सेच आहात अजून! काकू, लक्षात ठेवा हं, त्यातलं काहीही करायचं नाही."

"नाही करणार," काकू म्हणाल्या आणि गाडी अलगद वळवून रस्त्याला लागल्या.

इंडिकेटरने फाटकाशी ही बातमी गाडीच्या आधी पोचवली होती. मास्तरीणबाईंनी इतक्या हळुवारपणे फीत तोडली की ती तुटल्याचं आधी कुणाला कळलंच नाही. मग एकच जल्लोष झाला. जी एकटी शिकायची राहिली होती ती शिकली! गचक्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "ह्या वयात मास्तरांनी काकूंना शिकवलं, आणि तेही ऑटोमॅटिक!" तो माईकवरून म्हणाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मास्तर बोलायला उठले. त्यांना फक्त हसून नमस्कार करून खाली बसायचं होतं. इतकी वर्षं टोचणारा तो प्रश्न गावाने आज आपणहून मिटवला होता. त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. बायको ओढणीच्या टोकावरचं क्रीम पुसत बसली होती. ती काही बोलणार नव्हती. तेव्हाही नव्हती बोलली.

"हिला मी शिकवलेलं नाही," मास्तर म्हणाले. "मला शिकवता आलं नाही. मी ओरडलो. आणि आज रस्त्यात तुम्ही ज्या चुका पाहिल्यात ना, त्या मी दाखवत नव्हतो. करत होतो."

मंडप हास्याने दणाणला. "अजूनही तेच!" इंडिकेटर मागून ओरडला. "मोठेपणा घेणार नाहीत, मास्तरच ते!" मास्तरांनी पुन्हा सांगून पाहिलं, तेव्हा टाळ्या दुप्पट झाल्या. त्या सबंध मंडपात त्यांचं खरं मानणारं एकच माणूस होतं, आणि त्याने ओढणी पुसायची थांबवली होती.

मंडळी पांगल्यावर गाडी रिकाम्या ट्रॅकपाशी आली. मास्तर डावीकडे बसले होते आणि बराच वेळ घसा खाकरत होते.

"अगं, ते स्टिअरिंगमागचे दोन कान... ते कशासाठी असतात गं?"

मास्तरीणबाईंनी गाडी थांबवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाने प्रश्न विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या उतरल्या आणि त्यांना उजवीकडे बसवून स्वतः डाव्या सीटवर आल्या.

"सांगते. डावा पाय मागे. गिअर डीवर. आणि हात..."

"सैल?"

"सैल. पण स्थिर."

गाडी संथपणे ट्रॅकवर निघाली. पहिलं वळण नीट पार पडलं आणि मास्तर खुशीत आले. लगेच स्टिअरिंगमागे हालचाल सुरू झाली.

"टुंग," गाडी म्हणाली.

"तबलजी," मास्तरीणबाई म्हणाल्या, अजिबात न ओरडता, "बोटं."

तबलजींनी बोटं मिटली आणि पुढचं वळण घेतलं.