दामलेकाकांचं भाषांतर

दामलेकाका ऐन मीटिंगमध्ये मला फोन करून विचारायचे, "'बावळट' आणि 'बावळा' यांत जास्त श्रीमंत कोण वाटतो रे?"

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. काका निवृत्त इंजिनिअर, तरुणपणी पुण्यात रशियन शिकलेले. वीस वर्षं ते एका जुन्या रशियन कादंबरीचं मराठी करत होते. तिच्यात एक लबाड गृहस्थ गावोगाव हिंडून जमीनदारांकडून मेलेल्या कुळांची नावं विकत घेतो, कारण सरकारदप्तरी ती माणसं अजून जिवंत असतात. एकेका जमीनदारापाशी काका सहा-सहा महिने अडायचे. नेमका शब्द सापडला की कुंपणावरून ओरडायचे, "पकडला चोर!" समोरची डच म्हातारी दचकून खिडकी लावून घ्यायची.

"यांचा चोर सापडेपर्यंत माझी भाजी करपते," लीलाकाकू म्हणायच्या.

कोरोना आला तेव्हा काकू बहिणीकडे पुण्याला गेलेल्या. विमानं बंद झाली. ऑगस्टमध्ये त्या तिकडेच वारल्या, कोरोनानंच. अंत्यसंस्कार काकांनी मोबाइलवर पाहिले. मी दाराबाहेर, दीड मीटरवर उभा होतो.

"आवाज येत नाहीये," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर मला फोन येईनासे झाले. कुंपणाशीही कुणी नसायचं.

मार्चमध्ये इथे निवडणूक होती. मी काकांचं सामान द्यायला गेलो, तर टेबलावर टपालानं आलेली दोन मतदानपत्रं. एक काकूंच्या नावाचं.

"काका, खेमेन्टेला कळवलं नाहीत?" खेमेन्टे म्हणजे इथली नगरपालिका.

"पुण्याहून दाखला केव्हाच आलाय. खणात आहे."

"मग?"

"तिच्या नावानं पत्रं येतात रे. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांचं आलं, तपासणीला या म्हणून." ते खुर्चीत बसले. "इथे अजून दोघं राहतात, असं कुणाला तरी वाटतंय. वीस वर्षं मी त्या कादंबरीला हसलो. आता एक पान पुढे जात नाही."

"मी येतो बरोबर. कळवून टाकू."

"कळवू. पण निवडणूक होऊ दे. मत द्यायला जाताना ती मुद्दाम साडी नेसायची."

निवडणुकीनंतरच्या सोमवारी आम्ही सायकलवरून गेलो. खिडकीतल्या बाईंनी दाखला पाहिला, दोन-चार बटणं दाबली, सहानुभूतीचे दोन शब्द बोलल्या. पाच मिनिटांत काम झालं.

परतताना कालव्यापाशी काका उतरले आणि मास्क न काढताच रडू लागले. त्यांना जवळ घ्यावं की नाही, ते त्या दिवसांत कळत नसे. मी दोन्ही सायकली धरून उभा राहिलो.