दिनकररावांना भावपूर्ण श्रद्धांजली

मी सोलापुरात एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची पाकिटं फोडायची, आत काय आहे ते आधी आपण वाचायचं, शिक्का मारायचा आणि मग ज्याचं आहे त्याच्या टेबलावर पाठवायचं. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसात धीर कुठून राहणार? (बायको म्हणते, धीर आधीही नव्हता. लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी अक्षता टाकल्या होत्या म्हणे मी. स्वतःच्याच लग्नात.)

तर त्या रविवारी मी पैसे भरून गोष्ट उघडायचं ठरवलं, आणि पुढचं सगळं त्यातनं झालं.

गोष्ट होती 'तीन कुलपांची पेटी'. फोनवर ऐकायची. तीनशे बारा भाग, रोज रात्री आठला एक भाग फुकट, घाई असेल त्याने पैसे भरावेत आणि सगळे एकदम उघडावेत. आमच्या घरात ती आणली सासूबाईंनी. गौरम्मा त्यांचं नाव, आम्ही अत्ती म्हणतो. अक्कलकोटकडच्या खेड्यातनं पोटाच्या दुखण्यासाठी त्यांना आमच्याकडं आणलं होतं. डॉक्टरांनी मला आणि बायकोला, धनलक्ष्मीला, बाहेर बोलावून सांगितलं, "पसरलंय. दोन महिने धरून चाला." धनलक्ष्मीनं डोळे पुसले, आत गेली आणि आईला म्हणाली, "अल्सर हाय म्हणं. पथ्य पाळायचं."

त्या दिवशी एकशे सत्तरावा भाग लागला होता. धनलक्ष्मीनं हिशेब मांडला, एकशे बेचाळीस राहिले. सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन तिनं एवढंच मागितलं की आईला शेवटचा भाग ऐकू दे. रोज आठला ती कामं टाकून आईच्या खाटेवर बसायची, एकच फोन दोघींच्या मध्ये. मला ताकीद होती. "आई ह्या गोष्टीवर जगायलीय. तुमी मध्ये तोंड घातलंत तर बघा."

मी तोंड घातलं नाही, कान घातला. रविवारी दुपारी, अत्ती खाटेवर डोळे मिटून पडलेल्या, मी खाली चटईवर. आवाज बारीक करून शेवटचे दहा भाग लावले. दिनकरराव, म्हणजे ज्यानं आयुष्यभर त्या पेटीची किल्ली सांभाळली तो म्हातारा, विहिरीच्या काठावर कोसळला आणि गेला. मला इतकं वाईट वाटलं की डोळा लागला. उठलो तेव्हा फोन गप्प होता आणि गोष्ट संपली होती.

आता वाईट वाटलं की आपण काय करतो? ग्रुपवर लिहितो. ह्या गोष्टीचा आमचा अठ्ठावन्न जणांचा ग्रुप आहे, अत्ती आणि धनलक्ष्मीही त्यात. ॲडमिन मोहोळच्या निवृत्त मुख्याध्यापिका दाक्षायणी मॅडम. त्यांचा कडक नियम असा की पुढचं काही सांगायचं असेल तर आधी 'पुढे फुटतंय' लिहावं, खाली वीस टिंबं द्यावीत आणि मगच बोलावं. मी भावनेच्या भरात लिहिलं, "दिनकरराव गेले. भावपूर्ण श्रद्धांजली."

पंधरा मिनिटांत तेवीस जणांनी हात जोडून भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. कोण गेलं हे कुणी वाचलंच नव्हतं. येडू म्हणून एक रिक्षावाले आहेत, त्यांनी विचारलं, "अंत्यविधी किती वाजता?" चोविसावा नंबर मॅडमचा होता. त्यांनी वाचलं होतं. मला पंधरा दिवस ग्रुपबाहेर काढलं आणि लेखी माफी मागायला लावली. धनलक्ष्मीनं आईच्या फोनमधला मेसेज धावत जाऊन पुसला आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच, "तिला कळलं असलं तर तुमाला माफ करणार न्हाय मी."

त्याच आठवड्यात ती औषधं आणायला नवी पेठेत गेली असताना अत्तींनी मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, दिनकरराव मरतो काय हो?"

मी घाईनं म्हटलं, "न्हाय अत्ती. मरत न्हाय. चांगला ठणठणीत ऱ्हातो."

"हौदा? खरं म्हंता?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. "आन मी?"

आलेलं पाकीट ज्याचं त्याला न देण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"तुमचे भाग अजून आले न्हाईत, अत्ती," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "थोडं पाणी द्या."

दोनशे एक्केचाळिसावा भाग ऐकून अत्ती गेल्या. दुसऱ्या दिवशी विधी आटोपून आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, "गौरम्मा गेल्या." एकानंही श्रद्धांजली वाहिली नाही. तिघांनी विचारलं, "टिंबं कुठायत?" एक बाई म्हणाल्या, "ह्या गौरम्मा कितव्या भागात येतात?" (ग्रुपवर अत्तींच्या नंबरावर त्यांचं नाव नव्हतंच, नुसतं 'शिव शिव' होतं.) मी फोन पालथा ठेवला. रडावं तर कुणापुढं, हेच कळेना.

धनलक्ष्मी मात्र त्याच दिवसापासून आठला त्या रिकाम्या खाटेवर बसायला लागली. राहिलेले भाग आईच्या वतीनं ऐकायचे म्हणाली. रोज एक, उडी मारायची नाही. मी शेजारी बसायचो आणि शेवट माहीत असल्यामुळं चेहरा दगडासारखा ठेवायचो. तीनशे दहाव्याला दिनकरराव कोसळला, ती ढसाढसा रडली. मी पाठीवरनं हात फिरवला.

तीनशे अकराव्याला दिनकरराव उठून बसला.

"हा जिता कसा?" मी ओरडलो.

"तुमी तर सगळं ऐकलं होतं की," धनलक्ष्मी म्हणाली.

तीनशे बाराव्या भागानंतर दाक्षायणी मॅडमनी ग्रुपवर 'पुढे फुटतंय' लिहिलं, मोजून वीस टिंबं दिली आणि खाली अत्तींचा आवाज टाकला. कधीतरी एकट्या मॅडमना पाठवलेला, त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवलेला.

"मॅडम, मी गौरम्मा, मल्लिनाथची सासू. जावयाला भाईर काढलंत, पर त्याला कायबी ठावं न्हाय. फोन चालू ठिवून त्यो मध्येच घोरायला लागला. पुढचे दोन भाग मीच ऐकले, डोळे मिटून. दिनकरराव जगतो. माझा शेवट तर धनूच्या तोंडावर रोज दिसतोय. तिला सांगू नका, न्हायतर आठला येऊन बसायची न्हाय. आन जावयालाबी सांगू नका. गरीब हाय. त्याला शेवटापतोर असाच असूं दे."

धनलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला. लई वेळ रडली. मग तिचे खांदे वेगळेच हलायला लागले.

"म्हंजे आईला गोष्ट तुमीच फोडली."

"झोपेत," मी म्हटलं.

"झोपेतसुद्धा!"

तेवढ्यात मॅडमचा हुकूम आला. एक शेवट खोटा सांगितल्याबद्दल आणि खरा शेवट टिंबांशिवाय ऐकवल्याबद्दल मल्लिनाथ यांना पुन्हा पंधरा दिवस काढण्यात येत आहे. मी ग्रुपबाहेर गेलो. पुढचं धनलक्ष्मीच्या फोनवर वाचलं. एकेक जण अत्तींना भावपूर्ण श्रद्धांजली लिहीत होता, उशिरा का होईना, पण सगळ्यांनी लिहिली. मला भरून आलं.

शेवटची येडूंची होती. "मल्लिनाथ यांना काढल्याचं आत्ताच वाचलं. चांगला माणूस गेला. अंत्यविधी किती वाजता?"

मी धनलक्ष्मीला म्हटलं, "त्यांना कळव की मी आहे."

ती फोन ठेवत म्हणाली, "तसं कळवलं तर नियम मोडतो. टिंबं कोण देत बसणार?"