चौबळांचा ऑस्ट्रेलियाचा उतारा

खडवलीहून शेताच्या सातबाराचा उतारा न्यायला आलेल्या एका शेतकऱ्याच्या हातात चौबळांनी एकदा ऑस्ट्रेलियाचा उतारा ठेवला. तोही सही-शिक्क्यासकट. आठ दिवसांनी तो बिचारा परत आला. "सायेब, आमचे शेतान इमान कवा उतरला?"

ठाण्याच्या कचेरीत मी आणि वामनराव चौबळ शेजारशेजारी बसून जमिनीच्या नकला लिहीत असू. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. चौबळांनी विमान पाहिलं होतं ते कोपरीतल्या आपल्या अंगणातून, मान वर करून. पण विमान शिकवणाऱ्या मास्तराला कुठल्या देशात काय यावं लागतं, हे त्यांच्याइतकं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नसेल. देशोदेशींच्या फ्लाइंग क्लबांना ते पत्रं लिहीत आणि उत्तर आलं की त्याचा चक्क सातबारा करत. जन्मभर तोच नमुना लिहिलेला, दुसरा सुचणार कुठून? गावाच्या जागी देश. कब्जेदार म्हणजे वैमानिक. 'पीक' या रकान्यात शेवटी कुठली नोकरी पदरात पडते ते. आणि जमिनीवर दुसऱ्या कुणाचा दावा असला तर जिथे नोंदवतात, त्या 'इतर हक्का'मध्ये मास्तराच्या अटी.

"अमेरिकेचं पीक उत्तम," डबा उघडता उघडता ते सांगत. "शिकवता शिकवता तास भरतात, मग एअरलाइनवाले उचलतात. इंग्लंडात मास्तर व्हायचं तर आधी मास्तरांच्या मास्तरापुढे बसा. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणांवरून टपाल न्या."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे नोकऱ्या थोड्या. मग हौसेनं मास्तर झालेला कोण आणि नाइलाजानं झालेला कोण? उताऱ्यावर दिसत नाही!"

आणि उताऱ्यावर जे दिसत नाही त्यावर चौबळांचा काडीचा विश्वास नसे. माझ्या मेव्हण्याला स्थळ सांगून आलं. मुलगी स्वभावानं गरीब आहे म्हणालो, तर म्हणाले, "उताऱ्यावर दिसतंय का?" कचेरीत त्यांची टिंगल चाले, आणि ती करण्यात मी पुढे असे.

एका दुपारी त्यांची मुलगी कुसुम थेट माझ्या टेबलाशी आली. चौबळ तेव्हा साहेबांच्या खोलीत गेले होते.

"काका, मला जुहूच्या फ्लाइंग क्लबात घेतलंय. वैमानिक व्हायचंय मला. पण अप्पा पालकांची सही करत नाहीत. सहा महिने झाले. नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत, नुसते उतारे लिहितात. शनिवारी मुदत संपते. सही नाही दिली तरी मी शिकणारच, पण मला त्यांची सही हवीय."

मग तिनं सांगितलं. तिचा मोठा भाऊ यशवंत लढाईच्या काळात विमान शिकायला गेला आणि शिकतानाच गेला. शेजारी बसलेले मास्तरही गेले. चौबळांचा मुलगा गेला एवढंच मी ऐकून होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

शुक्रवारी रजा टाकून मी चौबळांना जुहूच्या क्लबात घेऊन गेलो. कुसुमला शिकवणार होता तो मास्तर तिशीतला, सरदेसाई नावाचा. चौबळांनी वही काढली आणि मुलगी द्यायची असल्यासारखी त्याची चौकशी आरंभली. शिकवलं कुणी? तास किती? शेवटी विचारलं, "नोकरी मिळाली नाही म्हणून मास्तर झालात?"

"मिळाली होती. सोडली," सरदेसाई म्हणाला. "शिकवलेलं पोर पहिल्यांदा एकटं वर जाऊन खाली आलं ना, की मला त्यात जास्त आनंद वाटतो."

"आणि ते चुकलं तर?"

"थोडं चुकू देतो. पण माझा हात दांडीपासून बोटभरच लांब असतो."

चौबळांनी वही मिटली.

"माझ्या यशवंताच्या शेजारी कोण बसलं होतं, कसा माणूस होता, मला कुणी सांगितलं नाही हो. मी तेवढंच विचारत होतो सगळ्यांना."

सरदेसाईनं खुर्ची पुढे ओढून दिली आणि चौबळांनी तिथेच बसून कुसुमच्या अर्जावर सही केली.

सोमवारी त्यांनी एक नवा उतारा माझ्यापुढे सरकवला. देश: हिंदुस्थान. कब्जेदार: कुसुम वामन चौबळ. पिकाचा रकाना कोरा. इतर हक्क: रोज संध्याकाळी घरी परत येणे. हक्कदार: बाप.

"बघा, चुकलं नाही ना काही?" त्यांनी विचारलं.

मी कचेरीचा शिक्का उचलला आणि नीट शाई लावून खाली मारला.