लॅपटॉपचा आवाज गेला कुठे?

संगणकातलं मला सगळं कळतं. घरात हे फक्त मलाच वाटतं, ही गोष्ट वेगळी.

बायकोची शाळेतल्या नोकरीसाठी सकाळी अकराला ऑनलाइन मुलाखत होती आणि तिचा लॅपटॉप आदल्याच दिवशी बंद पडला. दोन वर्षं अर्ज करकरून आलेलं हे पहिलंच बोलावणं. तिचा चेहरा पाहून मी छातीठोकपणे सांगितलं, "माळ्यावरच्या बारा वर्षांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी हलकंफुलकं लिनक्स टाकतो. नव्यासारखा पळेल!"

लिनक्स खरंच बसलं. कॅमेरा दिसला, वायफाय लागलं. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलंसुद्धा. आवाज तेवढा तपासायचा राहिला.

अकरा वाजले. पडद्यावर मधोमध मुख्याध्यापिका आणि दोन्ही बाजूंना दोन शिक्षक ओठ हलवत होते, आमच्याकडे चिडीचूप. लॅपटॉपला स्वतःचं साउंड कार्डच ओळखता येत नाही, असं निदान मी जागच्या जागी केलं. माइकही मेलाय, हेही जाहीर केलं. मग मुलाखत कोपऱ्यात सारून काळ्या खिडकीत कमांड ठोकायला बसलो.

बायको म्हणाली, आवाजाच्या सेटिंगमध्ये दोन नावं दिसताहेत, एक टीव्हीच्या केबलचं, एक स्पीकरचं, आणि निवडलंय टीव्हीचं. मी म्हणालो, इतकं सोपं नसतं ते. तिने पुन्हा समजावलं, की मोटार चालू आहे, पाणी फक्त भलत्याच टाकीत चाललंय. त्यावर मी तिला साउंड कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमवर व्याख्यान दिलं. वर हेही म्हणालो, की मधल्या बाई भलत्याच खडूस दिसतात, अशांच्या हाताखाली नोकरी न केलेलीच बरी.

तिने माझा हात धरून माउसवर ठेवला. "घाई नको. दुसरं नाव दिसतंय? आता त्यावर दाब."

दाबलं. खोलीभर तिघांचं हसू घुमलं.

"तुमचा माइक पहिल्यापासून चालू आहे," त्या मधल्या बाई म्हणाल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "आज एक प्रात्यक्षिक धडा घ्यायला सांगणार होतो, तो झालाच. इतक्या अडेल विद्यार्थ्याला न रागावता तीनदा शिकवणारी शिक्षिका आम्हाला हवी आहे. सोमवारपासून या."

बायकोचे डोळे भरून आले. मलाही इतका आनंद झाला, की मी पुढे वाकून विचारलं, शाळेच्या संगणकांसाठी कुणी माहितगार माणूस हवा आहे का?

आवाज पुन्हा गेला. या वेळी तो त्यांनीच बंद केला होता.