घास अडकला का?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लिफ्ट तपासनीसाच्या छातीत पावाचा तुकडा अडकला, तेव्हा दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या माणसांना काय वाटत असेल ते त्याला पहिल्यांदा कळलं. तुकडा वर येईना, खाली जाईना. डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा घालून पाहिलं आणि सांगितलं, की ॲलर्जीच्या पेशींनी अन्ननलिकेत ठाण मांडलंय, नळी सुजून आतून कड्या-कड्यांची झालीय. एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, तीत त्याचं नाव घातलं. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना नुसता गोड पाक. कोणाला काय, ते इतक्यात खुद्द बाईंनाही कळणार नव्हतं. गुण नाही आला, तर घशातून फुगा उतरवून नळी ताणायची.

फुगा म्हटल्यावर तपासनीसाला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

गुण मोजायची पद्धत मात्र सोपी होती. रोज संध्याकाळी घर जेवायला बसलं की फोन वाजायचा, आणि यंत्रातली बाई मायेनं विचारायची, आज घट्ट अन्न खाल्लंत का, घास अडकला का. अडकण्याचा आकडा जितका कमी, तितका माणूस बरा.

तपासनीसाचा धंद्यातला अनुभव दांडगा होता. जी लिफ्ट चालतच नाही, ती अडकत नाही. त्यानं बायकोला मिक्सर काढायला लावला.

"अहो, पण ते घट्ट विचारतायत," बायको म्हणाली.

"चमचा उभा राहतोय ना त्यात? मग घट्टच."

पाव, बटाटे, मांस, सगळ्याचा एकाच राखाडी रंगाचा लगदा होऊ लागला. वासानं लेकाचं मन चळायला नको म्हणून तपासनीसाची आईही लगदा खाऊ लागली, मग बायकोही. बोलण्याच्या नादात ठसका लागेल म्हणून जेवताना बोलणं बंद झालं. चमच्यांच्या आवाजानं तो दचकतो म्हणून लाकडी चमचे आले. दोघी त्याच्या गळ्याकडे टक लावून बसत. त्याची घाटी हलली की त्यांच्याही हलत. पुढे पुढे आईची आधी हलायला लागली. शेजारीण एकदा विरजण मागायला आली, दारातूनच तिनं ते तीन गळे पाहिले आणि रिकामी वाटी घेऊन परत गेली.

एका संध्याकाळी मिक्सरमधून सुटलेली बटाट्याची फोड त्याच्या छातीत बसली, आणि तेवढ्यात फोन वाजला. घास अडकला का? तपासनीसाच्या तोंडून शब्द फुटेना.

"उत्तर ऐकू आलं नाही," बाई म्हणाली. "मी थांबते."

आणि ती थांबली. पलीकडून कुणीतरी कान लावून बसावं, तशी. शेवटी आईनं फोन ओढला आणि लेकाच्या घोगऱ्या आवाजात "नाही" म्हणाली.

"छान," बाई म्हणाली. याआधी ती कधीच छान म्हणाली नव्हती.

शेवटच्या तपासणीला दवाखान्याच्या बाकांवर मोठी माणसं ओळीनं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर थर्मास. शेजारी बसलेल्या एका रोखपालानं झाकण उघडलं. आत तोच राखाडी लगदा. त्यानं तपासनीसाकडे बघून ओळखीचं हसून घेतलं आणि गिळलं. त्याबरोबर अख्ख्या ओळीनं गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा बाहेर काढला. नळी पहिल्यापेक्षा अरुंद झाली होती.

"पण घास एकदाही अडकला नाही म्हणता."

"एकदाही नाही."

"सगळे तेच म्हणतायत. औषधवाल्यांच्या नळ्या सुधारल्यात, मी स्वतः पाहिल्या. पण अडकणं त्यांचंही शून्य, पाकवाल्यांचंही शून्य. रुग्णाला काही फरकच पडत नाही म्हटल्यावर कंपनीनं औषध गुंडाळलं."

"मला काय होतं?"

"पाक."

तपासनीसानं गयावया केली, की मग आता ते औषध द्या. ते आता कुठेच मिळणार नव्हतं. बाईंनी परिचारिकेला खूण केली. पडद्यामागे काहीतरी हळूहळू फुगल्याचा आवाज आला आणि थांबला.

आता सगळं सांगून टाकायचं ठरवून तपासनीसानं तोंड उघडलं.

"हां," बाई म्हणाल्या, "असंच उघडं ठेवा."